माल माझा, बारदाना जगाचा

बारा ऑक्टोबर २०१९, शनिवार. रक्कम तीन लाख वीस हजार. जागा वाशिमच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कार्यालय. हजर चौघं: कंपनीचे अध्यक्ष, त्यांचा हिशेब तपासणाऱ्या सीए बाई, मी आणि आमचे साडू. साडूंनी बनवलेला हिशेबाचा प्रोग्राम कंपनी आपल्या आठ खरेदी केंद्रांसाठी घेणार होती. एवढी रक्कम साडूंनी एका ठिकाणाहून कधी पाहिली नव्हती. सगळं ठरलं होतं. फक्त एका प्रश्नाचं उत्तर बाकी होतं, आणि त्याला एक अक्षर पुरलं असतं.

सीए बाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "यातला डेटाबेस तुमचाच ना?"

रिवाजाचा प्रश्न होता. साडू म्हणाले, "नाई मॅडम. तो फुकट भेटते, दुसऱ्या कंपनीचा हाय. आमी आमच्या प्रोग्रामसोबत भरून देतो." इथं थांबले असते तरी निभावलं असतं. मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय ठेवला. त्यांनी पाय बाजूला घेतला, माझ्याकडे वळून "लागलं का शेठ?" असं विचारलं आणि पुन्हा बाईंकडे पाहून म्हणाले, "अन् त्याच्या अटी मी पुऱ्या वाचेल नाई. वाचतो अन् सांगतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. साडूंना तिथं मी नेलं होतं, माझ्या शब्दावर त्यांना खुर्ची मिळाली होती. माझे कान तापले ते मला आजही आठवतं.

विचारलं तेवढंच सांगणं आमच्या साडूंना कधी जमलं नाही. जुनी मोटरसायकल विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक किंमत विचारायचं आणि साडू त्याला आधी चेन कुठं घासते ते दाखवायचे. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दारात उभी राहून कपाळावर हात मारायची. शेवटी एका मास्तरांनी ती गाडी घेतली, तीही का, तर एवढं सांगितल्यावर आता लपवलेलं काही उरलं नसणार म्हणून. साडूंना यात आपण काही विशेष करतो असं वाटत नसे. त्यांचा तो स्वभावच होता, एखाद्याला जिऱ्याची फोडणी सोसत नाही तसा.

रिसोडला त्यांचा संगणकाचा वर्ग होता. मुलं यायची, टायपिंग शिकायची, प्रमाणपत्र घेऊन जायची. माझं केनवडला सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या खरेदीचं दुकान. वयानं ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, पण मला 'शेठ'च म्हणत, थोडं गमतीनं आणि थोडं आदरानं. २००९ साली मी त्यांच्याजवळ कुरकुर केली की बाजारात मिळणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रामला आमचा धंदा कळत नाही. आमच्याकडे माल पोत्यासकट काट्यावर चढतो. त्यातून बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करायचं. ताग असेल तर वेगळं वजन, प्लास्टिक असेल तर वेगळं. मग हमाली, मग तोलाई, मग शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या हाती पडणाऱ्या रकमेचा कागद. हे सगळं मी वहीत करत होतो आणि संगणकात पुन्हा लिहीत होतो.

साडू दर रविवारी केनवडला येऊन माझ्या काट्याजवळ बसायला लागले. हमालांशी गप्पा मारायचे, पोती उचलून पाहायचे, मला एकच गोष्ट चार वेळा विचारायचे. पावसाळा सरला तेव्हा त्यांचा प्रोग्राम तयार होता. नाव ठेवलं 'गोणी'. पहिल्या दिवशी मी हातानं पडताळा घेतला, तर अर्ध्या किलोचा फरक निघाला. साडू एवढे खूश झाले की जणू मी बक्षीस दिलं. "असा माणूस पाह्यजे," म्हणाले, आणि तिथंच बसून चूक काढली. माझ्याकडून त्यांनी एक हजार एक घेतले. जास्त देत होतो तर म्हणाले, "हे शकुनाचे. बाकीचं दुसऱ्याइपासून घेतो."

दुसऱ्यांना मीच सांगितलं. माझ्या शब्दावर सतरा दुकानांनी गोणी घेतली आणि त्यांच्या सांगण्यावरून आणखी काहींनी. सगळी मिळून एक्केचाळीस झाली. रिसोड, आमचं वाशिमकडचं मालेगाव, रिठद, जऊळका. साडू पिशवीत सीडी घेऊन मोटरसायकलवर जायचे. बहुतेक दुकानदार पाडव्यालाच बोलवायचे, वहीपूजनाच्या मुहूर्तावर. पूजा झाली की हळदकुंकू वहीला, काट्याला आणि संगणकालाही लागायचं. कीबोर्डमध्ये कुंकू गेलं की बटणं अडकतात, म्हणून साडू प्लास्टिकचं झाकण सोबत न्यायचे, पूजेआधी ते कीबोर्डवर चढवायचे आणि मग हात जोडायचे.

त्या सीडीत दोन गोष्टी असत. एक साडूंची गोणी आणि दुसरा तो डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी साठवून ठेवणारं यंत्र. तो परदेशातल्या एका कंपनीनं बनवलेला आणि इंटरनेटवर फुकट मिळणारा. त्याच्याशिवाय गोणी चालत नसे. दुकानदाराला दोन वस्तू दोन ठिकाणांहून आणायला सांगितल्या तर तो एकही आणणार नाही, म्हणून साडू दोन्ही एकत्र भरून द्यायचे. रिसोडच्या एका जुन्या जैन पेढीवर शेठजींनी विचारलं होतं की हे दुसरं काय बसवून राहिले. साडूंनी एका वाक्यात समजावलं, "शेठजी, माल माझा, बारदाना जगाचा." शेठजींनी विचारलं, बारदान्याचे पैसे लावले का. नाही म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

पुढं ते वाक्य सगळीकडे चाललं. आमच्या धंद्यात ते पटायला वेळ लागत नाही. माझ्या दुकानातल्या पोत्यांवर कुठल्या कुठल्या साखर कारखान्यांची आणि खतांच्या कंपन्यांची नावं छापलेली असतात. पोतं कोणाचं, हे कोणी कोणाला विचारत नाही. वजन वजा करायचं आणि विसरायचं. आम्ही सगळे तसेच वाढलो, म्हणून दहा वर्षं आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही की या पोत्याच्या मालकानं त्यावर काही लिहूनही ठेवलं असेल.

त्या शनिवारी वाशिमहून परतताना रिठदला चहाला थांबलो. कप हातात आला आणि मी बोललो, "तुमाले एवढं बोलाचं काय काम होतं?"

"त्याइनं इचारलं."

"इचारलं तेवढं सांगाचं ना. वाचेल नाई, हे कोनं इचारलं होतं?"

साडू म्हणाले, "ते मीच इचारलं सोताले. त्या बाईनं इचारेपर्यंत ध्यानातच आलं नवतं."

पुढचा आठवडाभर ते त्या अटी वाचत होते. इंग्रजी कायद्याची भाषा, शेजारी शब्दकोश. मग एका दुपारी केनवडला आले आणि गादीवर बसून मला सगळं सांगितलं. अट साधी होती. तो डेटाबेस स्वतः वापरायचा तर फुकट. पण स्वतःचा कुलूपबंद प्रोग्राम त्याच्यासोबत बांधून दुसऱ्याला विकायचा, तर दोनच रस्ते. एक तर त्या कंपनीकडून दर गिऱ्हाइकामागे परवाना विकत घ्या. नाही तर आपल्याही प्रोग्रामचं कुलूप काढा, म्हणजे तो आतून कसा बनला ते सगळं उघडं करा, ज्याला पाहिजे त्याला द्या, आणि तो घेणाऱ्यानं विकला तरी हरकत घेऊ नका.

मी तिथल्या तिथं आकडेमोड केली. परवान्याला दर दुकानामागे जी रक्कम लागत होती ती साडू एका दुकानाकडून घेत त्याच्या तिप्पट होती. एक्केचाळीस दुकानांचा हिशेब केला तर साडूंचं रिसोडचं घर विकूनही भागलं नसतं. आणि कुलूप काढायचं म्हणजे दहा वर्षांची कमाई रस्त्यावर ठेवायची. संगणकाच्या वर्गात तेव्हा मुलं येईनाशी झाली होती. गोणीवरच त्यांचं घर चालत होतं, लेकीचं पुण्यातलं शिक्षण त्यावरच होतं. मला यात जराही शंका वाटली नाही. मी म्हटलं, "चूप राहा. सीए बाईले सांगा परवाना हाय म्हनून. वाशिम जिल्ह्यात कोन पाहून राह्यलं?"

साडू म्हणाले, "मी पाहून राह्यलो ना."

हे त्यांनी मला टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. बाहेर पाऊस आहे, असं सांगावं तसं म्हटलं. म्हणूनच ते मला जास्त लागलं. मी हिशेबाचा माणूस. शेतकऱ्याच्या पट्टीत मी कधी अर्ध्या किलोची लबाडी केली नाही आणि त्याचा मला अभिमान होता. आपला तराजू आपल्या दुकानापुरताच आहे, हे मला त्या दिवशी दिसलं आणि साडूंचा राग आला.

त्यांनी दुसरा रस्ता धरला. पण त्याआधी त्यांनी जे केलं त्यानं मला बाजारात तोंड दाखवायची चोरी झाली. ते एक्केचाळीस दुकानांत गेले. प्रत्येकाला बसवून सांगितलं की मी तुम्हाला जो बारदाना दिला तो द्यायचा मला हक्क नव्हता, तुमचं काही बुडालेलं नाही, चूक माझी आहे, संक्रांतीपर्यंत तुम्हाला नवी प्रत देतो आणि गोणी आतून कशी बनली तेही देतो, ते आता तुमच्या हक्काचं आहे. दुकानदारांना यातलं फक्त एवढंच कळलं की काहीतरी गडबड आहे. कोणी म्हणालं पैसे परत घ्या, तर कोणी विचारलं पोलीस येतील का. मालेगावच्या एकानं मला फोन करून विचारलं, "शेठ, तुमी चोरीचा माल दाखवला का आमाले?" काहीतरी पुटपुटून मी फोन ठेवला.

केनवडच्या बाजारात तर एक वाक्यच तयार झालं. मी दिसलो की कोणीतरी हाक मारायचं, "काय शेठ, साडूनं बारदाना वापस मांगतला म्हंते?" आणि हमालसुद्धा हसायचे. मी हसण्यावारी न्यायचो. घरी येऊन बायकोवर चिडायचो, जशी काय तिच्या बहिणीनं मुद्दाम हे स्थळ पाहिलं होतं. साडूंचा फोन आला तर दुकानात गर्दी आहे म्हणायचो. गर्दी कधी कधी असायचीही.

डिसेंबरात जऊळक्याला लग्न होतं, बायकोच्या चुलतभावाच्या मुलाचं. पंगतीत माझ्या बाजूला मालेगावचे एक मोठे खरेदीदार बसले होते. त्यांच्याशी माझा नवीनच व्यवहार सुरू झाला होता. पुरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी विचारलं, "तो दुकानादुकानात जाऊन माफी मांगनारा कंप्युटरवाला, तुमचाच साडू ना?"

मी म्हटलं, "बायकोकडचं कोनीतरी हाय. लय दूरचं."

मी पत्रावळीकडे पाहत होतो, म्हणून मागे कोण आहे ते मला दिसलं नाही. आमच्याकडे लग्नात घरचे जावई वाढायला उभे राहतात. साडू भाजीची बादली घेऊन आमच्याच रांगेत आले होते. पुढं येऊन त्यांनी माझ्या पत्रावळीवर पळी धरली आणि म्हणाले, "वांग्याची भाजी घ्या शेठ, चांगली झाली." मग त्या खरेदीदारांनाही तेवढ्याच अगत्यानं वाढली आणि पुढं गेले. त्यांच्या आवाजात काही फरक नव्हता. मी नंतर किती वेळा आठवून पाहिलं, पण मला फरक सापडला नाही. जेवून झाल्यावर मी त्यांना शोधायला हवं होतं. मी गाडी काढली आणि बायकोला म्हटलं, उशीर होईल, निघू.

संक्रांतीला साडूंनी गोणीचं कुलूप काढलं. सगळं इंटरनेटवर टाकलं, कोणीही न्यावं असं. कबूल केल्याप्रमाणे एक्केचाळीस दुकानांत नवी प्रत बसवली आणि प्रत्येकाला एक छोटा पेनड्राइव्ह दिला, त्यात प्रोग्रामचं सगळं अंतरंग. कोणाला त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. बहुतेकांनी गल्ल्यात टाकला. रिसोडच्या शेठजींनी मात्र तो हळदकुंकू लावून वहीसोबत पुजला, कारण त्यांच्या मते ज्यासाठी माणूस एवढा फिरतो ते काहीतरी चांगलंच असणार. माझ्या दुकानात ते आले तेव्हा मी होतो. त्यांनी काम केलं, चहा घेतला, काट्याजवळ थोडं उभे राहिले. जऊळक्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

तीन लाख वीस हजारांचं काय झालं तेही सांगायला हवं. सीए बाईंनी आता सगळं नियमात आहे असं लिहून दिलं. पण कंपनीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं की जे सगळ्यांना फुकट आहे त्याला आपण पैसे का द्यायचे. त्यात चूक काही नव्हतं. रिसोडच्याच एका संगणक दुरुस्तीवाल्यानं आठही केंद्रांवर गोणी बसवून दिली आणि बसवण्याचे चाळीस हजार घेतले. साडूंना एक रुपया मिळाला नाही. त्यांनीच मला हे फोनवर सांगितलं. हसत होते. म्हणाले, "शेठ, आता मालही जगाचा झाला."

वर्ग बंद झाला. लेकीला पुण्यात नोकरी लागली, तेव्हा साडू आणि ताई रिसोडचं घर भाड्यानं देऊन तिच्याकडे गेले. ते निघाले त्या दिवशी माझ्याकडे हरभऱ्याची आवक होती. हे खरं आहे, आवक होती. पण हमालांवर दोन तास दुकान सोडून मी रिसोडला जाऊन येऊ शकलो असतो.

गेल्या श्रावणात साडू पुण्यात वारले. झोपेतच. आम्ही पोचलो तोपर्यंत सगळं आटोपलं होतं. ताईनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमची लय आठवण काढत जाय. अर्ध्या किलोची चूक कशी पकडली ते सांगत जाय साऱ्याइले." मी पाणी प्यालो.

या वर्षी माझा जुना संगणक बंद पडला. नवा घेतला आणि हिशेबाचा प्रोग्राम बसवायला रिसोडच्या त्याच दुरुस्तीवाल्याला बोलावलं, कारण आता आपल्या भागात ते काम तोच करतो. त्यानं प्रोग्रामचं नाव बदललं आहे, रंगही बदलला आहे. पण पोत्याचं वजन वजा करायची खिडकी उघडली आणि मला काट्याजवळ बसलेले साडू दिसले. बसवताना पडद्यावर एक लांबलचक मजकूर आला. खाली एक चौकोन होता, 'मी हे वाचलं आहे' असा. त्यानं न पाहता त्यावर खूण करायला हात पुढं केला.

मी म्हटलं, "थांब. वाचू दे."

"हे कोनी वाचत नाई शेठ. ठेवा लागते म्हनून ठेवलं. काढता येत नाई, अट हाय तशी."

मी खुर्ची पुढं ओढली. आधी इंग्रजी होतं. डेटाबेस कोणी बनवला, त्यांची नावं, त्यांच्या अटी. मग गोणीच्या अटी. अगदी शेवटी मराठीत चार ओळी होत्या, संक्रांतीची तारीख घालून:

"गोणी २००९ साली केनवडला बनली. पोत्याचा हिशेब मला माझ्या साडूंनी शिकवला. यातली पहिली चूक त्यांनीच पकडली. ते माझे सख्खे साडू आहेत, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो."

त्याखाली माझं पूर्ण नाव होतं आणि गाव.

हे एवढी वर्षं प्रत्येक प्रतीत होतं. माझ्या स्वतःच्या दुकानातल्या संगणकावरही होतं. त्या संक्रांतीला साडूंनी ते बसवलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो, आणि त्यांनी म्हटलं होतं, "शेठ, वाचून घ्या अन् मंग खूण करा." मी न वाचता खूण केली होती.

दुरुस्तीवाल्यानं माझ्या खांद्यावरून वाचलं. "हे तुमीच का? मंग हे लिवनारे तुमचे कोन?"

"साडू," मी म्हटलं. "सख्खे."

त्यानं मान हलवली आणि काम पुरं केलं. बसवण्याचे आणि वर्षभराच्या देखभालीचे त्यानं साडेसहा हजार सांगितले. मी विचारलं, यातून ज्यानं बनवलं त्याच्या घरी काय जातं. तो म्हणाला, "त्याइले काई द्या लागत नाई शेठ. फुकट हाय ते."

साडेसहा हजार मी त्याला रोख दिले, रिसोडच्या दुरुस्तीवाल्याला. पावती घेतली. साडूंना २००९ साली एक हजार एक दिले होते, शकुनाचे. त्यानंतर काही नाही.